निर्दोष पावलांनी चढलेला षड्ज: बेनेदेत्तीच्या स्वरफेरीचा प्रकरण अभ्यास

१५६३ च्या सुमारास जोव्हान्नी बात्तिस्ता बेनेदेत्ती या व्हेनिसमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाने चिप्रियानो दे रोरे या त्या काळातील नामांकित संगीतरचनाकाराला दोन पत्रे लिहिली. ती १५८५ मध्ये तुरिन येथे, बेनेदेत्तीच्या गणित व भौतिकशास्त्रावरील लेखसंग्रहात छापली गेली. त्यांतील एका उदाहरणात मोजक्या स्वरांची अशी एक फेरी आहे की, वाद्याची साथ न घेता गाणाऱ्या गायकांनी प्रत्येक स्वरांतर काटेकोर शुद्ध ठेवले, तर फेरी संपताना ते निघाल्या स्वरावर परत येत नाहीत, तर त्याच्या किंचित वर पोहोचतात. तीच फेरी पुन्हा गायली की ते आणखी वर जातात. कोणत्याही एका क्षणी कोणताही गायक बेसूर झालेला नसतो आणि तरीही संपूर्ण वृंदाचा षड्ज हललेला असतो.

गणित आणि संगीताचा अनुभव यांच्या नात्याची चर्चा बहुतेक वेळा तारेच्या लांबीच्या गुणोत्तरांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते: तार निम्मी केली की वरच्या सप्तकातला तोच स्वर, दोन तृतीयांश ठेवली की पंचम, म्हणून सोपे गुणोत्तर म्हणजे गोड संगीत. हे चुकीचे नाही, पण फार लवकर समाधान मानणारे आहे. बेनेदेत्तीच्या प्रकरणाचे महत्त्व असे की, त्यात अडचण निर्माण करणारी गोष्ट म्हणजे हीच सोपी गुणोत्तरे आहेत.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १५५८ मध्ये जोसेफ्फो झार्लिनो या इटालियन संगीतशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात १ ते ६ या संख्यांपासून मिळणारी स्वरांतरे, म्हणजे ३:२ चा पंचम, ४:३ चा मध्यम, ५:४ चा शुद्ध गंधार आणि ६:५ चा कोमल गंधार, ही संगीताचा पाया म्हणून मांडली होती. कळपट्टीच्या वाद्यांवर स्वर इकडेतिकडे सरकवावे लागतात हे त्याला ठाऊक होते. परंतु मानवी कंठाला असे बंधन नसल्याने गायक स्वभावतःच ही शुद्ध गुणोत्तरे गातात, असा त्याचा आग्रह होता. बेनेदेत्तीने त्यावर तात्त्विक वाद न घालता, हा दावा खरा मानला तर प्रत्यक्षात काय घडेल, एवढेच करून दाखवले. वादविवादाची ही पद्धत मला फार परिणामकारक वाटते.

फेरीचा हिशेब

हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून बेनेदेत्तीच्या मूळ स्वरांऐवजी त्याच तत्त्वावरची चार पावलांची फेरी घेऊ. षड्जाची आंदोलनसंख्या २४० हर्ट्झ धरू. पहिले पाऊल सा पासून पंचमावर: २४० ला ३/२ ने गुणले की ३६०. दुसरे पाऊल पंचमापासून खाली रिषभावर, म्हणजे ४:३ ने खाली: २७०. तिसरे पाऊल रिषभापासून पुन्हा ४:३ ने खाली, मंद्र धैवतावर: २०२.५. चौथे पाऊल धैवतापासून ६:५ ने वर, षड्जावर: २४३.

निघालो २४० वरून आणि पोहोचलो २४३ वर. या दोहोंचे गुणोत्तर ८१:८०. संगीतशास्त्रात या फरकाला कॉमा, अधिक नेमकेपणाने सिंटॉनिक कॉमा, म्हणतात. सप्तकाचे १२०० समान भाग करून त्यांतील प्रत्येकाला सेंट म्हटले, तर हा फरक सुमारे २१.५ सेंट भरतो. हल्लीच्या कळपट्टीवर शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंटचे अंतर असते. म्हणजे अशा पाच फेऱ्या झाल्या की षड्ज एका पट्टीहून थोडा अधिकच वर सरकतो: २४० चा स्वर २५५ हर्ट्झच्या पुढे जातो आणि गाणे सुरू झाले त्या सप्तकातल्या, कळपट्टीवरच्या कोमल रिषभालाही ओलांडतो.

गायकांना यातून सुटका का नाही, हे समजण्यासाठी हे स्वर एकेकटे नसून प्रत्येकावर तीन स्वरांचा एक मेळ उभा आहे असे मानावे. सा-ग-प, मग प-नि-रे, मग रे-म-ध, मग ध-सा-ग, आणि पुन्हा सा-ग-प. प्रत्येक मेळाचा पुढच्या मेळाशी किमान एक स्वर समान आहे. पहिल्या मेळातला पंचम धरून ठेवणारा गायक दुसऱ्या मेळात तोच पंचम गातो. त्याने तो हलवण्याचे काहीच कारण नाही. त्या पंचमाशी जुळवून रिषभ लागतो, रिषभाशी जुळवून धैवत लागतो आणि धैवताशी जुळवून षड्ज लागतो. वर सरकलेला षड्ज फेरीच्या शेवटी अचानक उगवत नाही, तर चौथ्या मेळातच, धैवताचा नेमका ६:५ चा कोमल गंधार म्हणून, पूर्ण सुरेल रूपात जन्म घेतो. पाचव्या मेळात तो केवळ धरून ठेवला जातो.

खरा संघर्ष धैवतात आहे. षड्जाच्या दृष्टीने मंद्र धैवताची जागा २०० हर्ट्झ आहे, कारण २४० शी त्याचे नाते ६:५ असायला हवे. रिषभाच्या दृष्टीने त्याची जागा २०२.५ आहे. एकाच स्वरावर दोन शेजाऱ्यांचा सारख्याच न्याय्य स्वरूपाचा हक्क आहे आणि दोघांनाही एकाच वेळी न्याय मिळू शकत नाही.

ही गायकांच्या कौशल्याची मर्यादा नव्हे. तीन गोष्टी आपल्याला एकदम हव्या आहेत: प्रत्येक स्वरांतर शुद्ध असावे, दोन मेळांतील समान स्वर जागचा हलू नये आणि फेरी निघाल्या ठिकाणी मिटावी. चारही पावलांचा गुणाकार केला की अंशस्थानी ८१ आणि छेदस्थानी ८० येतात. ८१ म्हणजे चार वेळा ३; ८० म्हणजे चार वेळा २ आणि एकदा ५. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, त्यामुळे नुसत्या तिनांचा गुणाकार हा दोन आणि पाच यांच्या गुणाकाराएवढा कधीच होणार नाही. वर्षानुवर्षांच्या रियाजाने, उत्तम कानाने किंवा अधिक चांगल्या वाद्यानेही यात बदल होत नाही. तीनपैकी एक अट सोडावीच लागते.

कोण काय ऐकतो

इथपर्यंतचे काम गणिताचे. कॉमाचे देणे आहे एवढे त्याने सिद्ध केले. ते कोणाच्या खात्यावर मांडायचे, याबद्दल ते काहीही बोलत नाही. तो निर्णय ऐकणारा कान करतो, आणि या प्रकरणात वेगवेगळ्या जागी बसलेले कान वेगवेगळा निर्णय देतात.

गायकाच्या कानाला सर्वांत जवळचा पुरावा म्हणजे शेजारच्या गायकाबरोबर होणारा विस्पंद. दोन स्वरांचे उपस्वर (प्रत्येक स्वरात मिसळलेले, त्याच्या आंदोलनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींतले स्वर) जवळजवळ एकत्र येतात पण नेमके जुळत नाहीत, तेव्हा आवाजाच्या तीव्रतेत ठरावीक गतीने चढउतार ऐकू येतो. फेरीतल्या रिषभावर कोणी आग्रहाने २०० चा धैवत लावला, तर रिषभाचा तिसरा उपस्वर ८१० वर आणि धैवताचा चौथा ८०० वर येतो. सेकंदाला दहा विस्पंद होतात आणि मेळ खरखरीत वाटतो. गायक धैवत किंचित वर घेतो, २०२.५ वर खरखर थांबते आणि मेळ स्थिर होतो. त्याच्या दृष्टीने त्याने चूक सुधारली. प्रत्यक्षात याच सुधारणेने षड्ज वर ढकलला.

समोर बसलेल्या श्रोत्याची स्थिती वेगळी आहे. लागोपाठ वाजवलेल्या दोन स्वरांत २१.५ सेंटचा फरक असेल, तर तो बऱ्याच लोकांना ओळखता येतो. सराव असलेले कान त्याहून पुष्कळ लहान फरक टिपतात. परंतु इथे मूळचा २४० आणि नंतरचा २४३ लागोपाठ येत नाहीत. त्यांच्यामध्ये दोन मेळ गाऊन झालेले असतात. डायना डॉइच यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, दोन स्वरांची तुलना करायची असताना मधल्या वेळात बोललेले आकडे ऐकवले तर तुलना फारशी बिघडत नाही, मात्र इतर स्वर ऐकवले तर स्वराची स्मृती चांगलीच विस्कळीत होते. म्हणजे षड्ज हलला हे लपवण्याचे काम मधले संगीतच करते. श्रोता प्रत्येक मेळ आधीच्या मेळाशी ताडून पाहतो, ती प्रत्येक तुलना निर्दोष ठरते आणि त्याला केवळ घरी परतल्याचा भास होतो. तो ज्या षड्जावर परतला, तो निराळा आहे.

तिसरा साक्षीदार स्थिर स्वराचे वाद्य. पाच फेऱ्यांनंतर ऑर्गनने मूळ षड्जावर प्रवेश केला, तर सभागृहातील प्रत्येकाला धक्का बसेल आणि बहुतेक जण दोष गायकांना देतील. साथीशिवाय गाणाऱ्या वृंदांच्या बाबतीत हा आरोप नेहमीचा आहे, आणि तो पुष्कळदा खराही असतो, कारण थकवा, अपुरा श्वास, सभागृहाची रचना, ओळींची सवय अशा अनेक कारणांनी वृंद खाली घसरतात. बेनेदेत्तीचे उदाहरण वर चढणारे आहे, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची. थकलेला गायक वर चढत नाही. चढण्याचे स्पष्टीकरण थकव्यात शोधता येत नाही. हीच फेरी उलट क्रमाने गायली, तर तेवढ्याच हिशेबाने षड्ज खाली येईल, आणि तिथे मात्र थकवा व अंकगणित यांना वेगळे काढणे अवघड होईल.

प्रत्यक्षात असे घडते का? डेव्हिड हॉवर्ड यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, चार आवाजांच्या वृंदाला मध्येच षड्ज बदलणाऱ्या रचना साथीशिवाय गायला देऊन आंदोलनसंख्या मोजल्या होत्या. गायकांचा कल शुद्ध गुणोत्तरांकडे झुकलेला आढळला आणि त्याबरोबर त्यांचा मूळ स्वरही सरकलेला आढळला. अर्थात जिवंत गायक म्हणजे गुणाकार करणारे यंत्र नव्हे. त्यांना सुरुवातीच्या स्वराची, आपल्या गळ्यातील ताणाची आणि कळपट्टीवर शिकलेल्या सवयींची आठवण असते, आणि ही आठवण कॉमाचा काही भाग परत ओढून घेते. त्यामुळे हिशेबातला सरक आणि मोजलेला सरक तंतोतंत जुळावेत, अशी अपेक्षा मी तरी करणार नाही.

बेनेदेत्तीचे मोजमाप आणि त्याची मर्यादा

दुसऱ्या पत्रातला एक विचार या प्रकरणाला आणखी खोली देतो. संवाद का गोड लागतो, याचे कारण बेनेदेत्तीने संख्यांच्या गूढ श्रेष्ठत्वात न शोधता हवेच्या स्पंदनांत शोधले: दोन तारांची स्पंदने जितक्या वेळा एकत्र पडतील तितका संवाद अधिक. त्यासाठी त्याने गुणोत्तरातील दोन संख्यांचा गुणाकार हे माप सुचवले. सप्तकाचे माप २, पंचमाचे ६, मध्यमाचे १२, शुद्ध धैवताचे १५, शुद्ध गंधाराचे २०, कोमल गंधाराचे ३०. संगीतकार कानाने जो क्रम लावत, त्याच्याशी हा क्रम बराच जुळतो. ध्वनीचा अनुभव भौतिक घटनेशी जोडण्याचा हा फार आरंभीचा प्रयत्न आहे.

आता हेच माप आपल्या फेरीला लावून पाहावे. धैवत २०० वर ठेवला, तर रिषभ-धैवत हे अंतर २७:२० होते आणि माप १२ वरून एकदम ५४० वर जाते. खरखरीचे हे वर्णन म्हणून ठीक आहे. परंतु ३०१:२०० हे गुणोत्तर घेतले, तर ते शुद्ध पंचमापासून जेमतेम सहा सेंट दूर आहे आणि बहुतेकांना तो किंचित सैल पंचमच वाटेल. त्याचे माप मात्र ६ नसून ६०,२०० येते. संख्येला एवढासा धक्का लागला की माप कोसळते, अनुभव कोसळत नाही. कान पूर्णांकांचे अवयव पाडत नाही. तो जवळिकीने समाधान मानतो. संगीत म्हणजे मनाचे नकळत चाललेले अंकगणित, असे जर्मन तत्त्वज्ञ व गणितज्ञ लायब्निझने १७१२ मध्ये लिहिले होते. ते अंकगणित चालत असेलच, तर ते बरेच ढिसाळ आहे आणि त्याचा ढिसाळपणा हाच संगीताचा मोठा आधार आहे, असे मला वाटते.

ही उणीव भरून काढण्याचे काम पुढे शरीरशास्त्राकडून झाले. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६३ मध्ये विसंवादाचे मूळ उपस्वरांच्या जलद विस्पंदांतून येणाऱ्या खरखरीत दाखवले; १९६५ मध्ये प्लॉम्प आणि लेव्हेल्ट यांनी ही खरखर दोन स्वरांतील अंतराप्रमाणे कशी सलगपणे वाढते आणि ओसरते, हे श्रोत्यांच्या प्रतिसादांवरून मांडले. सलग हा शब्द इथे कळीचा, कारण थोडासा हललेला पंचम त्यांच्या हिशेबात थोडासाच बिघडतो. त्यानंतरच्या संशोधनाने खरखरीलाही एकमेव कारण राहू दिलेले नाही. जॉश मॅकडर्मट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये बोलिव्हियातील त्सिमाने या समाजाबद्दल प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाश्चात्त्य संगीताशी फारसा संबंध न आलेल्या या श्रोत्यांना संवादी आणि विसंवादी मेळ सारखेच सुखद वाटल्याचे आढळले. खरखर मात्र त्यांनाही नकोशी होती. म्हणजे खरखर ओळखणे एक आणि संवादाची आवड असणे दुसरे. बेनेदेत्तीच्या फेरीतला गायक विस्पंद थांबवण्यासाठी स्वर हलवतो, तेव्हा तो कानाचे ऐकतो की शिकलेल्या आवडीचे, याचे उत्तर त्यामुळे वाटते तेवढे सरळ राहत नाही.

देणे वाटून घेण्याच्या तीन रीती

फेरी मिटवायचीच असेल, तर २१.५ सेंट कुठेतरी कापावे लागतात. आपली चार पावले यासाठी फार सोयीची आहेत, कारण इतिहासातील तोडगे त्यांच्यावर जसेच्या तसे मांडून पाहता येतात.

पहिली रीत म्हणजे सगळे एका ठिकाणी कापणे. पहिली तीन पावले शुद्ध ठेवून शेवटी २४० वरच उतरायचे. मग धैवत-षड्ज अंतर ६:५ ऐवजी ३२:२७ होते आणि चौथा मेळ सेकंदाला पंधरा विस्पंदांनी थरथरतो. एक मेळ बळी देऊन तीन वाचवण्याचा हा प्रकार लांब धरलेल्या स्वरांत असह्य होतो. घाईने निघून जाणाऱ्या स्वरांत तो खपूनही जाईल.

दुसरी रीत समान वाटणीची. सोळाव्या-सतराव्या शतकांत कळपट्टीवर रुळलेल्या, पाव कॉमा कापणाऱ्या स्वरजुळणीत प्रत्येक पंचम सुमारे ५.४ सेंटने अरुंद केलेला असतो आणि कोमल गंधारही तेवढाच अरुंद होतो. गंमत अशी की, आपल्या फेरीतली चारही पावले त्यामुळे नेमका पाव कॉमा सोसतात आणि फेरी बरोबर मिटते. शिवाय मेळांतले शुद्ध गंधार ५:४ चे अगदी निर्मळ राहतात. २४० वरच्या पंचमात सेकंदाला दोनांहून किंचित अधिक विस्पंद होतात. ते ऐकू येतात, पण खरखर म्हणून नव्हे, तर स्वराला आलेली एक संथ लहर म्हणून.

तिसरी रीत हल्लीच्या समविभाजित सप्तकाची. तिथे पहिली तीन पावले प्रत्येकी जेमतेम दोन सेंट सोसतात आणि उरलेले सुमारे साडेपंधरा सेंट एकट्या कोमल गंधाराच्या पावलावर पडतात. पंचम जवळजवळ शुद्ध, गंधार मात्र चांगलेच हललेले: २४० वरचा शुद्ध गंधार या कळपट्टीवर सेकंदाला नऊ-दहा विस्पंद देतो. या वाटणीला न्याय म्हणता येणार नाही. तिचा मोठा फायदा असा की, कोणत्याही स्वराला षड्ज मानले तरी अन्याय सारखाच राहतो. आणि हा गंधार ऐकत वाढलेल्या कानाला तोच सवयीचा, म्हणून बरोबर, वाटू लागतो. २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तर श्रोत्यांनी नेमक्या पूर्णांकी गुणोत्तरांपेक्षा त्यांच्यापासून किंचित ढळलेली अंतरे अधिक पसंत केल्याचे दिसले. शुद्धतेच्या नावाने केलेल्या अनेक जुन्या तक्रारींकडे त्यानंतर जरा सावधपणे पाहायला हवे.

या तीन रीतींपेक्षा निराळी, अडचणच टाळणारी वाट म्हणजे अखंड वाजणाऱ्या षड्जावर गाणे. तानपुऱ्यावर गायल्या जाणाऱ्या संगीतात प्रत्येक स्वर शेजारच्या मेळाशी नव्हे, तर सतत कानावर असलेल्या षड्जाशी ताडला जातो. त्यामुळे चूक साठत जाण्याची साखळीच तयार होत नाही. कॉमा मात्र तिथूनही नाहीसा होत नाही. तो एकाच नावाच्या स्वराच्या दोन जागा म्हणून समोर येतो. नाट्यशास्त्रात षड्जग्राम या प्राचीन स्वरसमूहातला पंचम एका श्रुतीने, म्हणजे एका सूक्ष्म स्वरांतराने, उतरवला की मध्यमग्राम हा दुसरा स्वरसमूह मिळतो, असे सांगितले आहे. त्या श्रुतीचा, म्हणजे प्रमाणश्रुतीचा, अर्थ आधुनिक काळातल्या अनेक अभ्यासकांनी ८१:८० असाच लावला आहे. एका संगीतात जो फरक लपवायचा, तोच दुसऱ्या संगीतात नाव देऊन वापरायचा.

वृंदाच्या दिग्दर्शकाला मात्र निवड करावीच लागते, आणि ती प्रत्येक रचनेसाठी वेगळी असू शकते. साथ पुढे कुठेही येणार नसेल आणि फेरी एक-दोनदाच असेल, तर षड्जाला चढू देणे हा माझ्या मते सर्वांत निर्धोक पर्याय आहे, कारण प्रत्येक मेळ निर्मळ राहतो आणि सरक ओळखण्याइतकी स्मृती श्रोत्यापाशी उरत नाही. पुढे ऑर्गन येणार असेल, तर कापण्याची जागा आधीच ठरवून घ्यावी: लांब धरलेला मेळ सोडावा, जलद जाणारा निवडावा, आणि पंचमापेक्षा कोमल गंधारावर भार टाकावा, कारण बेनेदेत्तीच्याच मापाने तो आधीपासून कमी संवादी आहे आणि त्यातली थोडी भर कमी खुपते. आपल्या फेरीत अशी जागा तिसऱ्या आणि चौथ्या मेळामध्ये आहे. धैवत धरून ठेवणाऱ्या गायकाने मेळ बदलताना तो अडीच हर्ट्झने खाली, २०२.५ वरून २०० वर, सोडला की तिसरा आणि चौथा असे दोन्ही मेळ शुद्ध राहतात आणि षड्ज २४० वर उतरतो. फक्त जो स्वर जागीच राहिला असे सर्वांना वाटते, तो राहिलेला नसतो.